नाव नगरचं, आडनाव केरळचं

नगर हे गाव आपल्याला कायम ‘लागतं’. शनी शिंगणापूरला जाताना लागतं, शिर्डीला जाताना लागतं, वेरूळ-अजिंठ्याचा प्लॅन ठरला की लागतं. लागतं म्हणजे काय, तर तिथे चहा होतो, पाय मोकळे होतात, एखादी पाण्याची बाटली घेतली जाते आणि गाडी पुढे सुटते. ‘या वीकएन्डला नगरला चाललोय’ असं ऑफिसात सांगून बघा. पहिला प्रश्न येतो, ‘कोण असतं तिथे?’ दुसरा, ‘मग पुढे कुठे?’

तर या वेळी पुढे कुठे नाही. फक्त नगर. तेही किल्ला-बिल्ला बघायला नाही (तो बघूच, एवढं आलोय तर). एका टीमच्या मागावर. टीमचं नाव ऐकाल तर हसाल. अहमदनगर पेरियार पँथर्स!

पेरियार कुठे? थेट केरळात. थेक्कडीचं ते प्रसिद्ध जंगल, हनिमूनच्या अल्बममधला तो बोटीवरचा फोटो, तेच पेरियार. नगरपासून हजारावर किलोमीटर लांब. मग नगरच्या पोरांच्या छातीवर ते आलं कसं?

उत्तर सोपं आहे आणि थोडं गमतीशीरही. युवा कबड्डी सिरीज नावाची एक लीग 2022 साली जयपूरला सुरू झाली. 23 वर्षांखालच्या पोरांसाठी. टीव्हीवर आपण प्रो कबड्डी बघतो ना, तिच्या एक पायरी खालची म्हणा. टीमला शहरांची नावं देण्याऐवजी त्यांनी देशातली जंगलं, डोंगर, नद्या, जुनी राज्यं अशी नावं घेतली. पलानी टस्कर्स, अरावली अ‍ॅरोज, ताडोबा टायगर्स, सिंध सोनिक्स... आणि पेरियार पँथर्स. पुढे 2024 साली हीच सिरीज महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांसाठी पुण्यात बालेवाडीला खेळवली गेली, तेव्हा प्रत्येक जिल्ह्याच्या नावाला यातलं एकेक नाव जोडलं गेलं. कोल्हापूरच्या वाट्याला ताडोबा टायगर्स आलं (ताडोबा चंद्रपूरला आहे हे कोल्हापूरकरांना सांगायची कुणाची हिंमत?), सांगलीच्या वाट्याला सिंध सोनिक्स, रत्नागिरीला अरावलीचे बाण. नगरला पेरियारचे पँथर मिळाले.

बालेवाडी हाय स्ट्रीटवर शुक्रवारी रात्री टेबल मिळत नाही म्हणून तुम्ही उभे असता ना, तिथून हे क्रीडा संकुल किती लांब? गाडीने दहा मिनिटं, ट्रॅफिक असेल तर वीस. तिथे राज्यभरातून आलेली विशी-बाविशीची पोरं मॅटवर एकमेकांना आपटत होती, आणि आपल्यातल्या किती जणांना त्याचा पत्ता होता? पुणेरी पलटणची मॅच असली की तिकिटं शोधणारे आपण. खालच्या पायरीवर काय चाललंय ते बघायची आपल्याला सवयच नाही.

‘मायनर लीग’ हा शब्दही आपल्याकडे रुळलेला नाही. अमेरिका-कॅनडात तो रोजच्या बोलण्यातला आहे. तिकडच्या आइस हॉकीत वरती एनएचएलच्या 32 टीम, आणि त्यांच्या खाली एएचएल नावाच्या लीगच्याही 32 टीम. वरच्या प्रत्येक टीमची खाली एक जोडटीम. वर कुणी जखमी झालं की खालून फोन करून पोराला बोलावतात. या खालच्या टीम बऱ्याचदा छोट्या गावांच्या असतात आणि गाव त्यांच्यावर जीव टाकतं. पॉल न्यूमनचा ‘स्लॅप शॉट’ नावाचा 1977 चा सिनेमा आहे, गिरणी बंद पडायला आलेल्या गावातल्या अशाच एका टीमवरचा. मिळाला तर जरूर बघा. शिव्या भरपूर आहेत, आई-बाबांबरोबर नको.

माझं लक्ष मात्र हर्षीकडे गेलं. हर्षी म्हणजे ते चॉकलेटवालं. पेन्सिल्व्हेनियातलं हे छोटं गाव चॉकलेटच्या कारखान्याभोवती वसलं आणि त्याची हर्षी बेअर्स ही टीम 1938 पासून एएचएलमध्ये खेळतेय. खेळाडू येतात, मोठे होतात, वॉशिंग्टनच्या टीमकडे जातात. गाव मात्र बेअर्सचंच राहतं. दरवर्षी एका मॅचला त्यांचा पहिला गोल झाला की प्रेक्षक बर्फावर टेडी बेअर फेकतात, मग ती खेळणी गरजू मुलांना वाटली जातात. 2025 च्या जानेवारीत एका मॅचमध्ये लाखाच्या वर टेडी पडले!

साखरेचा जिल्हा आणि चॉकलेटचं गाव. नगर जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना 1950 च्या आसपास सुरू झाला, देशातल्या सहकारी साखरेची सुरुवात इथून धरतात. तेव्हापासून साखर या जिल्ह्याच्या राजकारणात, शिक्षणात, लग्नाच्या बोलण्यांत, सगळ्यांत विरघळलेली आहे. पण गावाने जीव टाकावा अशी स्वतःच्या नावाची, कायमची एखादी टीम? ती नव्हती. आणि खेळाडू मात्र ढिगाने होते.

पटत नसेल तर बोटं मोजा. झहीर खान, श्रीरामपूरचा. 2011 चा वर्ल्ड कप आठवा, 21 विकेट्स. नगरकडून खेळला? नाही. आधी बडोद्याकडून, मग मुंबईकडून. अजिंक्य रहाणे, जन्म संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. मेलबर्नचं शतक आणि 2021 ची ऑस्ट्रेलियातली ती मालिका विसरणं शक्य नाही. तोही वाढला डोंबिवलीत आणि झाला मुंबईचा. बरं, क्रिकेटचं सोडा, क्रिकेटचा कारभार शहरांतूनच चालतो, म्हणून म्हटलं आपली महाराष्ट्र प्रीमियर लीग बघू. 2023 चा पहिला सीझन. टीम पुणे, कोल्हापूर, नाशिक, रत्नागिरी, सोलापूर आणि छत्रपती संभाजीनगर. नगर? गायब. क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, 14 तालुके, 2011 च्या जनगणनेप्रमाणे 45 लाखांवर माणसं, आणि टीम नाही. नगरकरांना विचारलं तर ते खांदे उडवतात. त्यांना सवय आहे. सगळे रस्ते नगरवरून जातात, थांबत कुणी नाही.

कबड्डीत गोष्ट जरा वेगळी आहे, आणि त्याला कारण आहे मातीचं.

शिरूरला घोड नदीचा पूल ओलांडला की तुम्ही नगर जिल्ह्यात शिरता. सुप्याच्या एमआयडीसीपर्यंत कंपन्यांचे बोर्ड सोबत करतात, मग माळरान सुरू होतं. हा जिल्हा म्हणजे एकात दोन जिल्हे. उत्तरेला प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांवरचा ऊस, हिरवागार, पैसेवाला. दक्षिणेला पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड, जिथे पावसाची वाट बघण्यात निम्मं आयुष्य जातं. दोन्हीकडे कबड्डी रुजली, कारण तिला काही लागत नाही. ना बॅट, ना बूट, ना पाणी मारलेलं पीच. 13 बाय 10 मीटरची जागा, आखायला चुना, सात-सात पोरं आणि दम. क्रिकेटच्या एका किटच्या पैशात अख्ख्या मंडळाच्या जर्सी होतात.

जुने लोक अजून हुतुतू म्हणतात. आपल्या आजोबांच्या काळात प्रत्येक गावाचे नियम वेगळे होते. बाद झालेला गडी परत जिवंत होतो की नाही, यावरून संजीवनी, गेमिनी, अमर असे प्रकारच होते. (आज आपण खेळतो ती संजीवनी. समोरचा बाद झाला की आपला एक उठतो.) नियमांची घडी बसवायला महाराष्ट्रातल्या व्यायामशाळांनी पुढाकार घेतला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिकडे जाऊन हा खेळ दाखवला. 1950 साली अखिल भारतीय फेडरेशन झालं. 1990 ला बीजिंगच्या एशियाडमध्ये कबड्डी आली. या सगळ्या प्रवासात एक नाव सारखं येतं, शंकरराव साळवी म्हणजे बुवा साळवी. त्यांचा जन्मदिवस, 15 जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. आपल्याला व्हॅलेंटाइन डे पाठ, हा नाही!

पण खेळाची सत्ता बरीच वर्षं मुंबईकडे आणि कोकणाकडे. लालबाग-परळची मंडळं, गिरणगावातले चाकरमानी, तिथली ती रात्री-रात्री चालणारी मैदानं. घाटावरचा पोरगा त्यात उपरा. त्याची वाट ठरलेली होती. गावचं मंडळ जिल्हा असोसिएशनकडे नोंदवायचं. जिल्हा स्पर्धेत खेळायचं, निवड चाचणीत दिसायचं, जिल्ह्याच्या संघात यायचं, मग राज्य अजिंक्यपद. तिथे गटातल्या दोन-तीन मॅच, नंतर बाद फेरी. वर्षभर घाम गाळायचा आणि सगळा हिशेब चार दिवसांत. पहिल्या मॅचला पाय मुरगळला की झालं, पुढच्या वर्षी भेटू. चमकलात तर महाराष्ट्राच्या संघात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एखाद्या व्यावसायिक संघाच्या नजरेत. पोलीस, रेल्वे, बँका, मोठ्या कंपन्या यांच्या टीम. म्हणजे नोकरी.

इथे जरा थांबू, कारण शहरात बसून आपल्याला हे पटकन कळत नाही. आपण जिमला जातो ते पोट कमी करायला. खेड्यातला कबड्डीपटू मैदानावर जातो तो पोट भरायला. राज्य सरकारच्या भरतीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. एक प्रमाणपत्र म्हणजे भरतीच्या रांगेत काही हजार माणसं मागे टाकणं. त्यामुळे ‘छंद म्हणून खेळतोस का?’ हा प्रश्न नगरच्या मैदानावर विचारू नका. समोरचा तुमच्याकडे बघून नुसता हसेल.

2014 च्या जुलैत प्रो कबड्डी आली आणि वाटेच्या शेवटी एकदम लिफ्ट लागली. माती गेली, मॅट आली. चढाईला 30 सेकंदांचं घड्याळ लागलं. खेळाडू रातोरात स्टार झाले. 2023 च्या लिलावात तेलुगू टायटन्सनी पवन सेहरावतसाठी 2 कोटी 60 लाखांच्या वर मोजले. गावातल्या जत्रेच्या स्पर्धेत पहिल्या बक्षिसासाठी खेळणाऱ्या पोराने हा आकडा मोबाइलवर वाचला असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल? लिफ्ट दिसतेय, पण तिच्यापर्यंत जाणारा जिना कुठाय?

युवा सिरीज हा तो जिना. तसं बघितलं तर साधीच गोष्ट. जिल्ह्याची एक टीम, तरुण पोरं, मॅट, पंच, कॅमेरे आणि एकामागून एक मॅच. पण बाद फेरीत आणि लीगमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो हो. बाद फेरीत पोरगा जपून खेळतो, बोनस घेऊन परत येतो. लीगमध्ये त्याला चुकायची परवानगी असते. आज पकडीत घाई झाली, कोपऱ्यावरचा गडी एकटाच घुसला आणि पॉइंट गेला, तर परवा परत मॅच आहे. तीच चूक पुन्हा करणार नाही हे दाखवायची संधी आहे. शिवाय प्रत्येक मॅचचं रेकॉर्डिंग. कुणाच्या तरी लॅपटॉपवर ते चालू असेल, या आशेवर निम्मा संघ खेळतो. आपल्या अ‍ॅप्रेझलसारखंच की! फक्त इथे बॉस दिसत नाही आणि गुडघा पणाला असतो.

आता 2024 हे एकच वर्ष बघा. नगरच्या कबड्डीने त्या वर्षात काय काय पाहिलं!

1 मार्च. हैदराबाद. प्रो कबड्डीच्या दहाव्या सीझनची फायनल. पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सना 28-25 असं हरवलं आणि पहिल्यांदा चषक उचलला. उचलणारा कॅप्टन होता अस्लम इनामदार. नगर जिल्ह्याचा पोरगा. त्याच्या आधीच्या ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये सोनं जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता. ती इराणविरुद्धची 33-29 ची फायनल आठवतेय? एका चढाईच्या निकालावरून तासभर भांडण चाललं होतं, मॅच थांबवली होती, तीच.

त्याच मार्चमध्ये, 21 ते 24 तारखेला, पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा कुठे झाली? नगरला! वाडिया पार्कवर. देशातले नावाजलेले रेडर, डिफेंडर नगरच्या लॉजवर उतरले. एरवी ज्यांना टीव्हीवर बघायचं, ते लोक सकाळी नाश्त्याला शेजारच्या टेबलावर!

त्याच वर्षी बालेवाडीला युवा सिरीज, जिल्ह्याचं नाव छातीवर घेतलेले ते पँथर.

आणि 29 डिसेंबरला परत बालेवाडीच. प्रो कबड्डीच्या अकराव्या सीझनची फायनल. हरियाणा स्टीलर्सनी पाटणा पायरेट्सना 32-23 ने हरवून पहिला चषक घेतला. त्या मॅचमध्ये हरियाणाकडून सगळ्यात जास्त, 9 पॉइंट काढले ते शिवम पटारेने. शिवम कुठला? नगर जिल्ह्याचा.

म्हणजे मार्चमध्ये पुण्याचा चषक नगरच्या हातात, डिसेंबरमध्ये हरियाणाचा विजय नगरच्या पायांवर. अभिमान वाटावा असंच आहे सगळं. पण जर्सी बघा. एकावर पुणेरी, एकावर हरियाणा. झहीरवर बडोदा, रहाणेवर मुंबई. या जिल्ह्याचा उत्तम माल कायम दुसऱ्याच्या लेबलखाली विकला गेलाय, उसासारखा. ऊस कुणाच्या रानातला हे साखरेच्या पुड्यावर लिहिलेलं नसतं.

म्हणून मला ते विचित्र नाव आवडलं. अहमदनगर पेरियार पँथर्स. आडनाव उसनं असेल, पण पहिलं नाव आपलं होतं. मोठ्या स्क्रीनवर स्कोअर यायचा तेव्हा जिल्ह्याचं नाव यायचं. कॉमेंटेटर जोरात ओरडायचा तेव्हा तेच ओरडायचा. राज्य अजिंक्यपदच्या चार दिवसांपलीकडे, लीगच्या झगमगाटात, हे नगरच्या वाट्याला कुठे आलं होतं?

त्यातही गंमत म्हणजे काही महिन्यांत ते पहिलं नावही बदललं. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. अहिल्यादेवी होळकरांचा जन्म याच जिल्ह्यातल्या चोंडीचा, जामखेड तालुक्यातला. बोर्ड बदलले, एसटीवरच्या पाट्या बदलल्या. ‘अहमदनगर पेरियार पँथर्स’ असं छापलेली जर्सी आता ज्याच्या कपाटात असेल त्याने ती जपून ठेवावी. बोलताना मात्र पूर्वीही सगळे नगरच म्हणायचे, आताही नगरच म्हणतात. ‘कुठला रे तू?’ ‘नगरचा.’ पुढचं विचारायचं नाही.

एक गोष्ट मात्र टोचते. 23 वर्षांखालची अट. लीगच्या दृष्टीने ती बरोबरच आहे, जिना नव्या पोरांसाठी मोकळा राहायला हवा. पण मॅटवरच्या प्रत्येकाला आपला तेविसावा वाढदिवस कधी आहे ते पक्कं माहीत असतं. प्रो कबड्डीतही ‘न्यू यंग प्लेयर’ म्हणून लिलावाबाहेर तरुणांना घेतात, तिथेही वय बघतात. आपण तेविसाव्या वर्षी काय करत होतो? पहिली नोकरी, पहिलं सॅलरी स्लिप, पहिला मोठा मोबाइल. करिअर सुरू होत होतं. यांच्यातल्या बहुतेकांचा तोवर निकाल लागलेला असतो. एक-दोघं वर जातात, काही पोलीस भरतीत, काही रेल्वेत. उरलेले परत गावच्या मंडळात. ते वाया जातात असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, मला नाही पटत. गावच्या मैदानावर संध्याकाळी पाचवी-सहावीच्या पोरांना कोपरा कसा धरायचा, साखळी कधी तोडायची, हे शिकवणारा कोण असतो? तोच. त्याच्या गुडघ्याला क्रेप बँडेज असतं आणि आवाज खणखणीत. पुढचा अस्लम त्याच्याच शिव्या खाऊन तयार होतो. पण शिकवण्याचा पगार त्याला कुणी देत नाही, आणि हर्षीसारखी कायमची टीम, कायमचं मैदान, कायमचा कोच असला तर देता येईल, एवढंच माझं म्हणणं. साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था, शिक्षणसंस्था... या जिल्ह्यात संस्था कमी नाहीत. स्पर्धेच्या बॅनरवर नेत्यांचे फोटो छापायला पैसे निघतात, तसे याला का निघू नयेत?

असो. आता जरा फिरू.

वाडिया पार्क शहराच्या ऐन मध्यात आहे. एखाद्या महानगरी स्टेडियमचा थाट डोक्यात ठेवून जाऊ नका, हे जिल्ह्याच्या गावातलं मैदान आहे आणि तसंच ते बघावं. राष्ट्रीय कबड्डीनंतर वर्षभराच्या आत, 2025 च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला, इथेच महाराष्ट्र केसरीची कुस्तीही झाली. पृथ्वीराज मोहोळ जिंकला, पण गाजली ती शिवराज राक्षे आणि पंचांमधली भानगड. नगरकर त्याबद्दल अजून तावातावाने बोलतात. चहाच्या टपरीवर विषय काढायचा आणि बाजूला उभं राहून ऐकायचं, वेळ मस्त जातो.

किल्ला पाहायचाच. 1490 मध्ये मलिक अहमद निजामशहाने हे शहर वसवलं. चांदबिबीने मोगलांना अडवलं ते याच किल्ल्याच्या तटावरून. 1942 च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी काँग्रेसच्या अनेक बड्या पुढाऱ्यांना इथे आणून कोंडलं. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं ते इथे, आणि मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’ही. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र खिशात हवं. फोटो काढण्याआधी विचारा. लष्कराचंच रणगाडा म्युझियम 1994 पासून आहे, मोकळ्या आवारात जगभरचे रणगाडे ओळीने उभे आहेत. बरोबर लहान मुलं असतील तर तिथून बाहेर काढणं अवघड. शहराबाहेर डोंगरावर जी उंच इमारत दिसते तिला सगळे चांदबिबीचा महाल म्हणतात. खरं तर ती सलाबतखानाची कबर. संध्याकाळी वरून अख्खं नगर दिसतं. टीमची नावं काय, इमारतींची नावं काय, या गावात पाटीवर विश्वास ठेवू नये हेच खरं!

जायचं कसं? पुण्याहून साधारण 120 किलोमीटर. वाघोली आणि शिक्रापूर ही दोन ठिकाणं सकाळी सातच्या आत ओलांडलीत तर तीन तासांच्या आत पोचाल, नाही तर देवाचं नाव घ्या. (रांजणगावचा गणपती वाटेतच आहे, सोय आहे.) गाडी न नेता एसटीनेही जाता येतं, आणि त्यात एक मजा आहे. राज्यातली पहिली एसटी 1 जून 1948 रोजी धावली ती याच रस्त्यावर, पुणे ते नगर. जिल्ह्याचे किती संघ आजवर याच लाल गाडीने बॅगा मांडीवर घेऊन पुण्या-मुंबईला खेळायला गेले असतील!

नगरला कबड्डी बघायची असेल तर दिवाळीनंतर जा. थंडीपासून उन्हाळ्याच्या जत्रांपर्यंत गावोगाव स्पर्धा असतात. चौकातले फ्लेक्स वाचत चला, तारीख-वार-ठिकाण सगळं तिथेच असतं. संध्याकाळी सहाची वेळ लिहिलेली असेल तर साडेसातला पोचलात तरी चालेल. पाहुण्यांचे सत्कार तोवर संपत आलेले असतात. स्वेटर न्या, माळरानावर रात्री वारं सुटतं. परतीची एसटी मात्र आधीच विचारून ठेवा किंवा सरळ मुक्काम करा. फायनल मध्यरात्रीच्या आत कधी सुरू होत नाही, आणि ती सोडून उठवणार नाही.